किशोरवयीन मुलांसह मोठ्या जहाजावरची सहल: खरी मोकळीक की नुसता आभास?

ह्यूस्टनवासी

घरात तेरा ते सतरा वर्षांची मुले असतील, तर एका तरी सुट्टीत मोठ्या प्रवासी जहाजावर जावे, आणि जहाज जितके मोठे तितके ते या वयाला अधिक मानवते, असे माझे ठाम मत आहे. आमच्या ओळखीच्या मराठी कुटुंबांत हा विषय निघाला की 'जहाज म्हणजे तरंगता मॉल' एवढ्या एका वाक्यात तो संपवला जातो. म्हणून माझी बाजू जरा सविस्तर मांडतो.

या वयाची अडचण सर्वांच्या परिचयाची आहे. आईवडिलांच्या मागे मागे संग्रहालये पाहत हिंडण्यात मुलांना रस उरलेला नसतो, आणि परक्या शहरात त्यांना एकटे सोडण्याचे धाडस आपल्याला होत नाही. मग हॉटेलच्या खोलीत चार माणसे चार फोनांत डोके घालून बसतात. जहाजावर मात्र चढउतार करणाऱ्या प्रत्येकाच्या कार्डाची नोंद होते, त्यामुळे बंदर सोडल्यावर मुलगा कुठे भरकटला असेल या चिंतेला आपोआप मर्यादा पडते आणि 'सात वाजता जेवायला ये' एवढे सांगून त्याला दिवसभर मोकळे सोडता येते.

आकाराचा मुद्दा मला विशेष महत्त्वाचा वाटतो. २००९ साली 'ओएसिस ऑफ द सीज' निघाले आणि त्याच्या वर्गातील जहाजांवर खरी झाडे असलेली बाग, बर्फावरील स्केटिंग, चढाईची भिंत हे सगळे एकाच ठिकाणी आले. जानेवारी २०२४ मध्ये मायामीहून पहिल्या सफरीला निघालेले 'आयकॉन ऑफ द सीज' सुमारे ३६५ मीटर लांब आहे आणि त्यावर जास्तीत जास्त ७,६०० प्रवासी आणि सुमारे २,३५० कर्मचारी मावतात. हे आकडे मी थक्क करण्यासाठी देत नाही. शाळांच्या सुट्टीत अशा जहाजावर आपल्या मुलाच्या वयाची शेकडो मुले असतात आणि त्यांच्यासाठी स्वतंत्र कक्ष असतो. लहान जहाजावर तीच मुले बोटांवर मोजण्याइतकी असतील, तर तेरा वर्षांच्या मुलाला एकतर लहानग्यांच्या रंगकामात बसावे लागते किंवा केबिनमध्ये. शिवाय मोठे जहाज कमी हलते, पाण्याखालचे पंख त्याला आणखी स्थिर ठेवतात, त्यामुळे बोट लागण्याची भीती असलेल्या आजीआजोबांनाही ते सोसते.

आजीआजोबांचा उल्लेख मुद्दाम केला. उन्हाळ्यात भारतातून आईवडील येतात, तेव्हा तीन पिढ्यांना एकत्र रमता येईल असे ठिकाण अमेरिकेत सापडणे कठीण असते. आम्ही राहतो तिथून गॅल्व्हेस्टन बंदर ८० किलोमीटरच्या आसपास आहे, विमानप्रवास लागत नाही, लिफ्ट सगळीकडे आहे, शाकाहारी जेवण आधी सांगितले की रोज वेगळे मिळते. सांगलीहून आलेले माझे सासरे काठी टेकत स्केटिंगच्या कठड्याशी जाऊन बसत, आणि नात बर्फावर पडली की शेजारच्या अनोळखी मेक्सिकन आजोबांच्या आधी त्यांचाच श्वास अडके. ती मात्र उठून त्यांच्याकडे पाहून हात हलवी. घरी ही मुलगी आजोबांसमोर दहा मिनिटे बसत नाही.

व्यवहाराच्या दोन गोष्टी. अमेरिकेतून सुटणाऱ्या जहाजांवर साधारणपणे प्रत्येक केबिनच्या नोंदणीत एकवीस वर्षांवरील एक व्यक्ती लागते, म्हणून शेजारच्या दोन केबिन घेताना एकीत आईचे आणि दुसरीत वडिलांचे नाव घालावे. आणि मुलांच्या कक्षात पहिल्याच संध्याकाळी जावे. ओळखी तेव्हाच होतात, तिसऱ्या दिवशी गेलेल्या मुलाला गट जमलेले दिसतात.

कोकणकडा

आपण मोकळीक म्हणता ती मला मोकळीक वाटत नाही. जिथे चुकण्याची सोयच नाही, वाट विचारावी लागत नाही, पैसे मोजून द्यावे लागत नाहीत, भूक लागली तर चोवीस तास कुठला ना कुठला काउंटर उघडा असतो, तिथे पंधरा वर्षांच्या मुलाने दिवसभर एकटे फिरण्यात तो काय शिकला? याच मुलाला रत्नागिरी स्थानकावर उतरून स्वतः चौकशी करून एसटीने गुहागरला पोहोचायला सांगा. चार तासांत तो जे निभावेल, ते जहाजावरच्या आठवड्यात निभावण्याची वेळच येणार नाही.

दुसरा आक्षेप मला अधिक गंभीर वाटतो. गॅल्व्हेस्टनहून निघणारी जहाजे प्रामुख्याने मेक्सिकोतील कोझुमेल आणि कोस्टा माया, तसेच होंडुरासचे रोआतान बेट इथे थांबतात. कोझुमेल बेटाच्या मध्यभागी सान हेर्वासिओ हे माया लोकांचे प्राचीन स्थान आहे, जिथे इश्चेल देवीच्या दर्शनासाठी मुख्य भूमीवरून स्त्रिया होडीने समुद्र ओलांडून येत. रोआतानवर पुंता गोर्दा हे आफ्रिकी आणि कॅरिब अशा मिश्र वंशाच्या गारिफुना लोकांचे गाव आहे, ज्यांच्या पूर्वजांना इंग्रजांनी १७९७ साली सेंट व्हिन्सेंट बेटावरून हद्दपार करून तिथे आणून सोडले. इतिहासाची थोडीही ओढ असलेल्या मुलाला या दोन ठिकाणी किती विचारावेसे वाटेल! प्रत्यक्षात धक्क्यावर उतरताच दागिन्यांची दुकाने, पोहण्याचा तलाव आणि मोठ्या आवाजातले संगीत लागते, आणि बहुतेक कुटुंबे त्यापुढे जातच नाहीत. कोस्टा माया हे बंदर तर माहाहुआल या कोळ्यांच्या गावाशेजारी प्रवासी जहाजांसाठीच उभे केलेले आहे. मुलाच्या मनात मेक्सिको म्हणून हेच राहणार असेल, तर न गेलेले बरे.

आमच्या आधीच्या पिढ्यांनी भाऊच्या धक्क्यावरून कोकणबोटीने प्रवास केला, पण तो विजयदुर्गला किंवा मालवणला पोहोचण्यासाठी. इथे पोहोचणेच गौण ठरले आहे.

दोन मुलींची आई

मी जाण्याच्या बाजूची आहे, तरीही धाग्यात सुरक्षिततेचे चित्र फार सोपे रंगवले गेले आहे असे वाटते. जहाजाबाहेर कोणी जाऊ शकत नाही हे खरे, पण आत आठ-नऊ हजार माणसे आहेत, त्यांतील बहुतेक अनोळखी आहेत आणि पुष्कळांच्या हातात दिवसभर मद्याचा पेला आहे. मुलींच्या आईने हे विसरून चालणार नाही.

अमेरिकेने २०१० साली प्रवासी जहाजांच्या सुरक्षिततेचा कायदा केला, त्यानुसार कठडे किमान ४२ इंच उंच असावे लागतात, केबिनच्या दाराला बाहेरचा माणूस दिसेल असे भिंग लागते आणि गंभीर गुन्ह्याची तक्रार एफबीआयला कळवावी लागते. तक्रारींचे आकडे तिथले परिवहन खाते कंपनीनिहाय प्रसिद्ध करते. पालकांनी तिकीट काढण्यापूर्वी ते पाहावेत. काही कंपन्या बारा ते चौदा आणि पंधरा ते सतरा असे वेगळे कक्ष ठेवतात, तर काही तेरा ते सतरा सगळ्यांना एकत्र बसवतात. तेरा वर्षांची मुलगी आणि सतरा वर्षांचा मुलगा एका कक्षात रात्री उशिरापर्यंत असतील, तर आपल्याला ते चालेल का, हे आधी घरात बोलावे. अनेक जहाजांवर अठरा वर्षांखालील मुलांनी रात्री एकनंतर एकटे बाहेर फिरायचे नाही असा नियम असतो. आमच्या घरचा नियम अकराचा होता, आणि कोणाच्याही केबिनमध्ये पाऊल ठेवायचे नाही, मैत्रीण असली तरी नाही, हा दुसरा.

आणखी एक. माझी थोरली पहिल्या संध्याकाळी कक्षात गेली ती जेवायलाच परतली. धाकटी दारापर्यंत गेली, आतला गलका पाहिला आणि माझा हात धरून मागे फिरली, ती पुन्हा गेली नाही. तिला डेकवर वाऱ्यात पुस्तक घेऊन बसणे आवडले. त्यामुळे 'या वयाला मानवते' असे सरसकट विधान मी करणार नाही. बुजऱ्या मुलाला शेकडो समवयस्कांचा जमाव ही सुट्टी वाटत नाही.

सासष्टीकार

मी अनेक वर्षे जहाजांवर गॅलीत, म्हणजे स्वयंपाकघरात, काम केले. गोव्यातल्या आमच्या सासष्टीत घरटी एक तारवटी, म्हणजे जहाजावर नोकरी करणारा, असे, आजही पुष्कळ आहेत. या चर्चेत प्रवाशांची मुले आली, आजीआजोबा आले. जी माणसे हे सगळे चालवतात, ती आली नाहीत.

२०१३ साली अमलात आलेल्या सागरी कामगार करारानुसार खलाशाला चोवीस तासांत किमान दहा तास आणि सात दिवसांत किमान सत्त्याहत्तर तास विश्रांती मिळाली पाहिजे. याचा दुसरा अर्थ असा, की दिवसाला दहा-अकरा तास काम आणि सहा ते नऊ महिन्यांत आठवड्याची सुट्टी नाही, हे नियमात बसते. तुमची केबिन रोज आवरणारा मुलगा बहुधा फिलिपिन्सचा, इंडोनेशियाचा किंवा आपल्याकडचाच असतो, आणि त्याच्या मागे घरी त्याच्या मुलांच्या शाळेची फी असते.

रात्री एक वाजता किशोरांचा कक्ष बंद झाला की काय होते ते मी पाहिले आहे. घोळका पिझ्झाच्या काउंटरवर येतो, बश्या भरभरून घेतो, निम्मे तुकडे लिफ्टजवळच्या गालिच्यावर आणि जिन्याच्या पायऱ्यांवर राहतात, आणि पहाटे पाचपूर्वी ते कोणीतरी गुडघ्यांवर बसून खरवडतो. ती मुले वाईट नसतात. हे कोण उचलेल हे त्यांना कोणी दाखवलेले नसते.

तेव्हा जरूर या, आमची पोटे त्यावर चालतात. पण टिप कापून घेतली जाते म्हणून कुरकुर करू नका. अमेरिकेतून सुटणाऱ्या मोठ्या जहाजांवर ती माणशी दररोज अठरा डॉलरांच्या आसपास असते, म्हणजे चौघांचे सात रात्रींचे पाचशेहून अधिक, आणि मुलांचीही पूर्ण लागते. ती रक्कम खर्चात पहिल्यापासून धरा. बरेच प्रवासी शेवटच्या दिवशी काउंटरवर जाऊन ती काढून टाकायला लावतात, आणि त्यांची मुले शेजारी उभी राहून ते पाहत असतात.

हिरवी वाट

माझा विरोध जहाजाच्या आकारालाच आहे. २०२१ च्या ऑगस्टपासून व्हेनिसच्या ज्युदेक्का कालव्यात २५,००० टनांवरील जहाजांना बंदी आहे. अलास्कातील जूनोने २०२४ पासून दिवसाला पाचच मोठी जहाजे येऊ द्यायचे ठरवले. 'आयकॉन' आहे सुमारे अडीच लाख टनांचे. यजमान गावे दारे लोटू लागली असताना आपण 'जितके मोठे तितके चांगले' म्हणावे, याचे मला दुःख होते.

इंधनाचेही पाहा. २०२० पासून जहाजांच्या इंधनातील गंधकाची मर्यादा जगभर ०.५ टक्का झाली, तेव्हा अनेक मोठ्या जहाजांनी स्वच्छ इंधन घेण्याऐवजी धूर धुण्याची यंत्रणा बसवली आणि ते धुवण समुद्रात सोडले. 'आयकॉन' द्रवरूप नैसर्गिक वायूवर चालते. त्यामुळे काजळी आणि गंधक घटतात, पण इंजिनात न जळता निसटणारा मिथेन पहिल्या वीस वर्षांत कार्बन डायऑक्साइडच्या ऐंशीपटींहून अधिक उष्णता धरतो. शाळेत हवामानबदलावर प्रकल्प करणाऱ्या मुलांना आपण हे सांगून जहाजावर नेणार, की न सांगता?

ह्यूस्टनवासी

हिरवी वाट, सांगून. आपले आकडे मी नाकारत नाही. आमचा विमानप्रवास वाचतो हे समर्थन अपुरे आहे, याचीही मला जाणीव आहे, कारण बंदरावर येणारे कितीतरी लोक विमानानेच येतात. जहाज वर्षातून एकदा नव्हे, मुलांच्या शाळकरी वयात एकदा, एवढीच माझी शिफारस आहे, आणि ती मी मागे घेणार नाही.

सासष्टीकार, पिझ्झाचा परिच्छेद मी मुलीला वाचायला दिला. टिप काढून टाकण्याचा प्रकार लाजिरवाणा आहे, त्यावर दुमत असूच नये.

कोकणकडा, आपल्याशी मात्र वाद आहे. गुहागरची एसटी मुलाला जगात वावरायला शिकवते, हे मान्य. मी बोलतो आहे ती मोकळीक वेगळी आहे. आपल्या घरातील मूल कुठेही गेले तरी कोणाचा तरी मुलगा असते, अमुक टक्क्यांचे असते, अमुक क्लासचे असते. काका भेटले की 'पुढे काय करणार' विचारतात, आणि परदेशात वाढणाऱ्या मुलांना मराठी मंडळाच्या कार्यक्रमातही हेच ऐकावे लागते. जहाजावरच्या त्या कक्षात त्याला कोणी ओळखत नाही. तो विनोदी आहे की अबोल, हे त्याचे त्याने ठरवायचे. आईवडिलांच्या नजरेबाहेर, पण हाकेच्या अंतरावर, आठवडाभर असे राहता येईल असे दुसरे ठिकाण मला माहीत नाही. उन्हाळी शिबिरात नजर नसते, पण मग कुटुंबही नसते. इथे रात्री सातला तोच मुलगा त्याच टेबलावर येऊन बसतो आणि न विचारता बोलू लागतो. ते बोलणे ऐकण्यासाठी मी पुन्हा खर्च करीन.

कोकणकडा

टेबलावरच्या बोलण्याचा मुद्दा मला पटला. बंदरांबाबत माझा विरोध कायम आहे, म्हणून एक सुचवतो. एका बंदराचा दिवस पूर्णपणे मुलाच्या हाती द्या. कुठे जायचे, टॅक्सीवाल्याशी किती ठरवायचे, स्पॅनिशमध्ये कसे विचारायचे, पाणी किती घ्यायचे, कधी परतायचे, सारे त्याने ठरवावे आणि आजीआजोबांसह सर्वांनी ऐकावे. कंपनीची सहल घ्यायची नाही. स्वतंत्र निघालेल्यांसाठी जहाज थांबत नाही, आणि हिवाळ्यात कोझुमेलचे घड्याळ गॅल्व्हेस्टनच्या एक तास पुढे असते. फोन बेटाची वेळ दाखवील, जहाज कदाचित स्वतःचीच वेळ पाळील. कोणत्या घड्याळाने परतायचे हे त्याने उतरण्यापूर्वी डेकवरच्या कर्मचाऱ्याला विचारून घ्यावे, आपण विचारू नये.