बडोदा: आयटी आणि ऑफिस, दोन्हींसाठी एकच माणूस नेमताना काय पाहावं?

प्रश्न: दांडिया बाजारात आमची छोटी संशोधन संस्था आहे, मोडी कागदपत्रांवर काम करतो. आम्ही सात जण. गेल्या पावसाळ्यात हार्ड डिस्क बंद पडली आणि चार महिन्यांचं स्कॅनिंग गेलं. दुसरी प्रत नव्हती. अजून आठवलं की पोटात गोळा येतो. आता आयटी आणि प्रशासन, दोन्ही बघणारा माणूस हवाय. मुलाखतीत काय विचारू?

उत्तर: ताई, पदवी नंतर बघा. एक अडलेला लॅपटॉप आणि बिलांची विस्कटलेली फाईल समोर ठेवून तासभर द्या. स्कॅनच्या तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर, त्यातली एक इमारतीबाहेर, हे त्याने आपणहून सांगितलं तर माणूस कामाचा.

उत्तर: कापलेला टीडीएस (पगार-बिलं देताना आधीच कापून घेतलेला आयकर) साधारणपणे पुढच्या महिन्याच्या ७ तारखेपर्यंत भरायचा असतो, हे ठाऊक आहे का विचारा. गुजराती बोलता यायलाच हवं.

प्रश्नकर्ती: तासाभराची परीक्षा पटली. पासवर्ड एकाच्याच हाती ठेवावेत का?

उत्तर: मुळीच नाही. एक संच सीलबंद पाकिटात विश्वस्तांकडे द्या. आणि दर महिन्याला बॅकअपमधली एखादी फाईल उघडून पाहायची, हे नेमणूकपत्रातच लिहा.