पवनचक्कीला विमानाच्या धोक्यावरून हरकत घेता येते का? (पाटण तालुका)

पठारावरचा: नमस्कार मंडळी. आमच्या पठारावरच्या जुन्या बुटक्या पवनचक्क्या काढून नव्या उंच बसवायच्या चालल्यात. सोमवारी ग्रामसभा. भावकीतल्या एकानं डोकं लढवलंय, "आवाज, रस्ता, ओढा, कोण ऐकत नाही. विमानाचा मुद्दा घाल, गप थांबतंय." कराडला धावपट्टी आहेच. टिकेल का हे?

ढालगावकर: नाही टिकत भावा. ना-हरकत खिशात घेऊनच येतात ती माणसं.

रडारवाला (निवृत्त): हवाईदलात वीस वर्षं पडद्यापुढं बसलो, आता खटावात ज्वारी राखतोय. आधी अंतर मोज, सरळ रेषेत, एसटीचे किलोमीटर धरू नको. 2015 च्या नियमांत विमानतळाच्या 20 किलोमीटरच्या आत उंच काही उभारायचं तर विमानतळ प्राधिकरणाची ना-हरकत लागते.

आणि उंची म्हणजे नुसता टॉवर नव्हे. पातं सरळ उभं राहिलं की त्याचं टोक. 140 मीटरचा टॉवर, 140 व्यासाचं चक्र, म्हणजे टोक 210 वर. त्यात पठाराची समुद्रसपाटीपासूनची उंची मिळवायची, कारण वैमानिक त्याच आकड्यावर उडतो. अर्जातली जागेची उंची नि अक्षांश-रेखांश मागून घे. तिथं घोळ सापडला तर ती खरी हरकत.

रडारचं म्हणशील तर डोंगर हलत नाही, म्हणून तो पडद्यावरून गाळता येतो. पात्याचं टोक ताशी अडीचशे किलोमीटरनं पळतं, रडारला ते विमानच वाटतं. एकाच जागी लुकलुकणारं भूत! पण त्याला समोर रडार पाहिजे आणि मधे डोंगर नको. कराडची धावपट्टी 1955 ची, कोयना धरणाच्या कामासाठी केलेली. तिथं शिकाऊ विमानं उडतात, रडार कुठलं? रडारचं तुणतुणं वाजवलंस तर साहेबलोक हसतील, आणि तुझ्या ओढ्याचा खरा मुद्दाही त्यात वाहून जाईल. म्हणून भावकीचं ऐकू नको.

पठारावरचा: काका, मोजलं. आम्ही 20 च्या बाहेर. संपलंच म्हणा. एक विचारू? आमच्या वावरावरच्या चक्कीचा लाल दिवा गणपतीपासून बंद आहे. रखवालदाराला दोनदा सांगितलं, तो म्हणतो वर कळवलंय.

रडारवाला (निवृत्त): अरे, हे आधी सांगायचं! तुमच्या नव्या चक्क्यांसारखं 150 मीटरच्या वरचं बांधकाम विमानतळापासून लांब असलं तरी जगभर अडथळाच धरतात, म्हणून तर त्याला दिवा. 2019 च्या महापुरात सांगलीकडं हेलिकॉप्टरं आली होती, ती काय धावपट्टी बघून फिरत होती? पठारावर धुकं उतरलं की हाताचं बोट दिसत नाही, वर दिवा बंद. जुन्यांचे दिवे लागत नाहीत, नव्यांचे कोण बघणार, एवढंच विचार सभेत. दिवा दिसला नाही ती तारीख, वेळ, टॉवरच्या बुडाशी रंगवलेला नंबर लिहून ने. फोटो काढ.

पठारावरचा: नंबर आणला. फोटो मात्र नुसता काळा येतोय काका.

रडारवाला (निवृत्त): शेजारची दिवा लागणारी चक्की सोबत घे. दोन्ही एकाच फोटोत.