‘लेटर्स ऑफ ॲडमिनिस्ट्रेशन’: प्रशासन, व्यवस्था की कारभार?

शब्दवेडी: आमची आत्या मार्चमध्ये गेली. लग्न केलेलं नव्हतं. दादरला स्वतःचा फ्लॅट, बँकेत ठेवी, थोडे शेअर्स. मृत्युपत्र नाही. वारस म्हणजे तिचे दोघे भाऊ, माझे बाबा आणि वाईकडचे काका. बाबांनी मुंबई उच्च न्यायालयात लेटर्स ऑफ ॲडमिनिस्ट्रेशनसाठी, म्हणजे गेलेल्या माणसाची मालमत्ता सांभाळून वारसांना देण्याचा अधिकार देणाऱ्या कागदासाठी, अर्ज करायचा आणि काकांनी संमतीचं प्रतिज्ञापत्र द्यायचं, असं ठरलं. काकांना इंग्रजी येत नाही, म्हणून कागदाचा तर्जुमा मी केला आणि ‘प्रशासन पत्र’ असा शब्द टाकला. रात्री काकांचा फोन: “अगं, आक्काच्या घरावर प्रशासक बसवताय होय? मी नाही सही करणार.”

त्यांच्या डोक्यात प्रशासक म्हणजे नगरपालिकेची मुदत संपल्यावर येतो तो. त्यांचं काही चुकलं नाही. मग योग्य शब्द कोणता?

काळा कोट: मुंबईत याला मराठीत कोणी काही म्हणत नाही. “प्रोबेट काढलं का?”, “सक्सेशन काढा”, “एल.ए. (म्हणजे हेच लेटर्स) मिळालं”, अशीच भाषा. काढायचं मात्र सगळंच, रेशनकार्डासारखं.

तरी तीन कागद वेगळे ठेवा. मृत्युपत्र असेल आणि त्यात एक्झिक्युटर, म्हणजे ते अमलात आणणारा माणूस, नेमलेला असेल, तर त्याला प्रोबेट, म्हणजे मृत्युपत्र खरं ठरल्याचा न्यायालयाचा कागद. मृत्युपत्र नसेल तर लेटर्स. मृत्युपत्र आहे पण एक्झिक्युटर नेमलाच नाही, किंवा तो आधीच वारला, तर मृत्युपत्र जोडून लेटर्स. सक्सेशन सर्टिफिकेट फक्त येणी आणि रोख्यांसाठी, म्हणजे ठेवी, शेअर्स वगैरे. त्यावर फ्लॅट होत नाही.

जाता जाता, मुंबईत हिंदूंच्या मृत्युपत्राला प्रोबेट सक्तीचं, असं अजून सगळे सांगतात. १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार अधिनियमातलं ते २१३ वं कलम २०२५ च्या अखेरीस संसदेने वगळलं. घ्यायचं असेल तर प्रोबेट अजूनही घेता येतं.

बांधावरचा: एवढं कशाला, सरळ ‘वारस दाखला’ म्हणा की. गावात सगळ्यांना कळतं. आम्ही तलाठ्याकडे अर्ज दिला, फेरफार झाला, सातबाऱ्यावर वारस लागले.

निवृत्त शिरस्तेदार: थांबा, इथे गफलत होते. तलाठ्याकडे होते ती वारस नोंद. त्यासाठी गाव नमुना ६-क आहे. ती महसुलाची नोंद, तिने मालकी ठरत नाही. वारस दाखला दिवाणी न्यायालय देते, तो मुंबई इलाख्याच्या १८२७ च्या ८ क्रमांकाच्या विनियमाखाली. एल्फिन्स्टनच्या काळचा विनियम, पण महाराष्ट्रात आजही त्यावर अर्ज पडतात. त्यात न्यायालय जाहीरनामा काढते आणि हरकतीला महिन्याची मुदत देते.

त्या अर्जाला आम्ही ‘दिवाणी किरकोळ अर्ज’ असा नंबर द्यायचो. एका बाईंनी मला खिडकीशी विचारले होते, “माझा नवरा गेला, आणि तुमच्याकडे ते किरकोळ?” इंग्रजीतल्या ‘मिसलेनियस’ला आपण किरकोळ केले. तिकडे अर्थ ‘संकीर्ण’ असा होता. हा शब्द मला नोकरीभर टोचत राहिला.

प्रोबेटला मात्र चांगला शब्द आपल्याकडे पडून आहे. मूळ लॅटिन धातूचा अर्थ ‘सिद्ध करणे’. कोर्टाच्या मराठीत आपण ‘मृत्युपत्र शाबीत झाले’ म्हणतोच. तेव्हा प्रोबेट म्हणजे मृत्युपत्राची शाबिती, त्यावर न्यायालयाची मोहोर, आणि सोबत कारभाराचा अधिकार. ही शेवटची गोष्ट लोक विसरतात.

शब्दवेडी: शिरस्तेदार काका, शाबिती फारच आवडलं. पण आत्याचं मृत्युपत्रच नाही, तेव्हा शाबीत काय करणार? आणि आत्याच्या बँकेतल्या बाईंनी बाबांकडे ‘मृत्युपत्र’ मागितलं होतं. बाबा हबकले. त्यांना हवा होता मृत्यूचा दाखला! या कारणासाठी तरी मी इथून पुढे ‘इच्छापत्र’च लिहिणार.

काळा कोट: लिहा, पण जुन्या कागदांत मृत्युपत्रच सापडेल.

निवृत्त शिरस्तेदार: आणखी एक. तर्जुम्यात ‘मृत’ नको, ‘मयत’ लिहा. बोलण्यात आपण ‘मयताला गेलो होतो’ म्हणतो, तिथे मयत म्हणजे अंत्ययात्रा. कोर्टात मयत म्हणजे ती व्यक्ती. ‘कै.’ पत्रिकेत शोभते.

म्हापशेकर: आमच्या गोव्यात मामला निराळा. पोर्तुगीज दिवाणी संहितेपासून इथे इन्व्हेंटरी चालते, आता २०१२ चा कायदा आहे. मालमत्तेची यादी, वारस, वाटणी, सगळं एकाच प्रकरणात. वाटणी होईपर्यंत कारभार बघणाऱ्याला जुन्या भाषेत ‘काबेसा द काझाल’ म्हणतात. काबेसा म्हणजे डोकं. घरातलं एक माणूस पुढे होऊन सांभाळतं, असा भाव त्यात आहे. ‘प्रशासका’त तो नाही. तो बाहेरून येतो.

शब्दवेडी: म्हापशेकर, काकांना नेमकं हेच खटकलं असणार!

मग ‘व्यवस्थापन पत्र’? की ‘वहिवाट पत्र’?

बांधावरचा: वहिवाट नको. देवस्थानाचा वहिवाटदार ठीक आहे, पण शेतकऱ्याला वहिवाट म्हटलं की ताबा दिसतो, नाहीतर बांधावरचा रस्ता. काका पुन्हा फोन करतील. व्यवस्थापन ऐकलं की मला लग्नाचं कार्यालय आठवतं.

‘कारभार’ का नको? कारभारपत्र. फार तर काकू हसतील, कारण आमच्याकडे कारभारी म्हणजे नवरा.

काळा कोट: कारभार कायद्याच्या अंगानेही बसतो. लेटर्स घेणारा त्या कागदाने मालक होत नाही. तो येणी गोळा करतो, देणी भागवतो, उरलेलं वारसांना देतो. जामिनासह बंधपत्र लिहून देतो. सहा महिन्यांत मालमत्तेची यादी आणि वर्षात हिशेब, दोन्ही न्यायालयात. म्हणून ‘इस्टेट’ला नुसतं ‘मिळकत’ म्हणू नका, त्यात मयताचं कर्जही येतं. मराठीत इस्टेट म्हटलं की बंगला आणि आंब्याची बाग, कर्ज कोणालाच दिसत नाही.

मृत्यूनंतर पूर्ण चौदा दिवस गेल्याशिवाय लेटर्स देता येत नाहीत, प्रोबेटला सात. तेरावं उरकेपर्यंत कायदा थांबतो, असं माझे सीनियर म्हणायचे. प्रत्यक्षात महिनोन् महिने जातात तो भाग वेगळा.

निवृत्त शिरस्तेदार: कारभारपत्र ऐकायला बरे आहे, पण कोर्टाच्या कागदात एकट्याने टाकू नका, कोणी ओळखणार नाही. एकदा फोड करून लिहा, पुढे मूळ नाव ठेवा.

शब्दवेडी: तर शेवटी असं लिहिलं: “मयत बहिणीच्या मिळकतीचा व देण्याघेण्याचा कारभार पाहण्याचा न्यायालयाचा अधिकारलेख, म्हणजेच लेटर्स ऑफ ॲडमिनिस्ट्रेशन.” त्याखाली एक ओळ घातली, की यामुळे अर्जदार एकटा मालक होत नाही.

काकांनी दोनदा वाचून घेतलं. म्हणाले, “कारभार म्हटला की हिशेब आला. वर्षानं दाखवा म्हणजे झालं.” सही केली.

बांधावरचा: कोर्टात नुसता दाखवून चालत नाही, ‘दाखल’ करावा लागतो. दोन्ही शब्द एकच ना?

निवृत्त शिरस्तेदार: नाहीत. दाखल आणि दाखला अरबीतून आले, ‘दाखवणे’ प्राकृतातून. पण आमच्या खिडकीवर निम्मे लोक ‘दाखला दाखल करायचाय’ म्हणत यायचे.