लंडन आवडतं म्हटलं की लगेच कोहिनूर का काढता?

वरचा_मजला (धागाकर्ता):
गेल्या रविवारी घरच्या ग्रुपवर २४ नंबर बसच्या वरच्या मजल्यावरून काढलेला फोटो टाकला. पाच मिनिटांत मावसभावाचं उत्तर आलं, "आधी कोहिनूर परत द्या म्हणावं." मी गप्प बसलो. डोक्यातून काही जाईना, म्हणून हा धागा.

तेरा वर्षं लंडनमध्ये आहे. काय आवडतं विचाराल तर राजवाडा नाही आणि घड्याळाचा मनोराही नाही. २४ नंबर हॅम्पस्टेड हीथपासून निघते, कॅम्डनवरून ट्रॅफल्गर चौक, पार्लमेंट करत पिमलिकोला जाते. एकदा तिकीट काढलं की तासाभरात दुसरी बस घेतली तर तिचे पैसे नाहीत. वर, अगदी पुढे, डावीकडची सीट मिळाली की माझा दिवस सत्कारणी. झाडाची फांदी काचेवर सपकन आपटते आणि मी अजूनही दर वेळी मान खाली घालतो.

दुसरं, वीस मिनिटांचं म्युझियम. ब्रिटिश म्युझियमला प्रवेश फुकट आहे, तो १७५९ पासून. तिकीट काढलं की आपण पैसे वसूल करायला चार तास पाय तुटेस्तोवर फिरतो. इथे मी पावसाचा आडोसा म्हणून शिरतो, एकच मूर्ती बघतो आणि बाहेर पडतो. तिसरं म्हणजे बागेतले बाक. गेलेल्या माणसाच्या नावाची छोटी पाटी असते, त्याला ही जागा फार आवडायची वगैरे. पुतळा नाही, चौकाला नाव नाही, बसायला जागा. आणि चौथं, आपण त्यांच्या पायावर पाय दिला तरी "सॉरी" तेच म्हणतात!

मला ब्रिटिश संस्कृती आवडते. यात लाजण्यासारखं काय आहे, सांगा.

सातारकर:
लाजू नका, पण फुकट म्हणू नका. तुमच्या शहरातल्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट (व्ही अँड ए) म्युझियममधली वाघनखं जुलै २०२४ मध्ये आमच्या साताऱ्याच्या संग्रहालयात आली. कशी आली? तीन वर्षांच्या उसनवारीवर. ती महाराजांचीच का, हा वाद वेगळा. म्युझियम स्वतःच म्हणतं की खात्री देता येत नाही. पण ती साताऱ्याचा रेसिडेंट, म्हणजे दरबारातला इंग्रजांचा प्रतिनिधी, असताना ग्रँट डफला देण्यात आली, असं त्यांच्याच डबीवर लिहिलंय. परत मागायला जावं तर कायद्याकडे बोट दाखवतात. ब्रिटिश म्युझियमचा १९६३ चा कायदा तर वस्तू कायमची सोडायला जवळजवळ बंदीच करतो. तुम्ही पावसाच्या आडोशाला जी मूर्ती बघता तिचं तिकीट आमच्या पणजोबांनी भरलंय.

चहाबाज:
सातारकरांशी निम्मा सहमत. पण धागाकर्त्याचा घोटाळा वेगळाच आहे. बस, बाग, बाक, म्युझियम, यात ब्रिटिश संस्कृती कुठे आली? ही नीट चालवलेली नगरपालिका झाली! मुंबईत १९३७ पासून डबलडेकर होती. वर पुढे बसलं की समोरच्या खिडकीतून असा वारा यायचा की दादरपर्यंत केसांचं झाडू व्हायचं. जुन्यांतली शेवटची गाडी सप्टेंबर २०२३ मध्ये गेली. आता विजेवरची एसी गाडी आहे, चांगली आहे, पण काच बंद. राणीच्या बागेचं तिकीट २०१७ मध्ये पाचावरून पन्नास झालं. आपण आपली सुखं महाग करायची, कमी करायची, आणि मग ती दुसरीकडे सापडली की त्याला संस्कृती म्हणायचं. बसच्या रांगेत उभं राहायला मुंबईकराला कुणी शिकवावं लागत नाही हो.

(ता.क. त्यांच्या चहाबद्दल मी काही बोलणार नाही. पिशवी बुडवून काढलेलं ते पाणी आवडतं म्हणणाऱ्याशी वाद घालता येत नाही.)

रात्रपाळी:
मी लेस्टरजवळ वृद्धाश्रमात काम करते. तुमचा धागा वाचून हसू आलं, रागही आला. व्हिसाच्या अर्जाबरोबर आरोग्य अधिभार म्हणून वर्षाला १०३५ पौंड आधीच भरायचे असतात. ऑफिसातली पोरं कुरकुरतात आणि भरतात. आमच्या कामाला यातून सूट आहे, म्हणून मी इथे टिकले. सकाळी आठला सुटते तेव्हा वरच्या मजल्यावर जायचं त्राण नसतं, खालीच दाराजवळ बसते.

शेजारचे गृहस्थ चार वर्षांत हवामानापलीकडे बोललेले नाहीत. तुम्ही याला "माणसाला त्याच्या वाटेने जाऊ देणं" म्हणाल. माझ्या वॉर्डात आजी-आजोबा रविवारी दुपारी खिडकीकडे तोंड करून बसतात, कुणी येत नाही. तुमच्या त्या बाकांवरच्या पाट्या वाचताना मला नेहमी वाटतं, जिवंत असताना शेजारी कोण बसत होतं?

वरचा_मजला:
ताई, याला माझ्याकडे उत्तर नाही. चहाबाज, तुम्हाला आहे. नगरपालिका आभाळातून पडत नाही. जिथे लोकांना वाटतं की अनोळखी माणसालाही बसायला बाक हवा, तिथे बाक येतो. या वाटण्यालाच मी संस्कृती म्हणतो.

नागपूरकर:
इथे एक मुद्दा सगळ्यांनीच सोडलाय. अनोळखी असण्याचं सुख सगळ्यांना सारखं नसतं. १९१७ साली न्यूयॉर्क आणि लंडनमध्ये शिकून बाबासाहेब बडोद्याला नोकरीवर गेले, तर राहायला खोली मिळेना. पारशी धर्मशाळेत उतरले, तिथूनही लाठ्या घेऊन आलेल्या लोकांनी बाहेर काढलं. त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय की परदेशातल्या पाच वर्षांत आपण अस्पृश्य आहोत ही जाणीवच मनातून पुसली गेली होती. ग्रंथालयात जाऊन बसणं, कुणी जात न विचारणं, हे वरच्या मजल्याच्या सीटसारखं किरकोळ सुख नव्हे. चवदार तळ्याचा सत्याग्रह त्यानंतर दहा वर्षांनी झाला, तोही पाणी पिण्यासाठी. तेव्हा "आपल्याकडेही हे सगळं होतं" म्हणताना "आपल्याकडे" म्हणजे कुणाकडे, तेही लिहा.

चहाबाज:
हे मान्य. खिडकीतला वारा खाताना हा विचार माझ्या मनात आला नव्हता.

सातारकर:
नागपूरकर, आदरपूर्वक सांगतो. बाबासाहेबांनी लंडनला बसून काय केलं? रुपयाच्या प्रश्नावर प्रबंध लिहिला आणि ब्रिटिश सरकारच्या चलनधोरणाची चिरफाड केली. ग्रंथालय इंग्रजांचं, पुरावे इंग्रजांचे, खटलाही इंग्रजांवरच. असं प्रेम असेल तर माझी हरकत नाही. ग्रुपवर फोटो टाकण्याला आहे.

नागपूरकर:
बरोबर. आणि तुमच्या बाजूचा एक दाखला मीच देतो. १९२१-२२ मध्ये ते जिथे राहिले ते १०, किंग हेन्रीज रोडचं घर महाराष्ट्र सरकारने २०१५ मध्ये घेतलं. तिथे स्मारक केलं, तेव्हा शेजाऱ्यांनी गर्दी-गोंगाटाची तक्रार केली, कॅम्डन कौन्सिलने परवानगी नाकारली. अपिलात २०२० मध्ये मिळाली. मी गेलो होतो तेव्हा आत आम्ही पाचजण होतो, आणि सगळे कुजबुजत बोलत होते.

रात्रपाळी:
हे मला माहीतच नव्हतं. कसं जायचं?

वरचा_मजला:
चॉक फार्म स्टेशनवर उतरा, तिथून पाच-सात मिनिटं चालत. शेजारीच प्रिमरोज हिल आहे, वरून सगळं शहर दिसतं. ताई, सुट्टी असेल तेव्हा कळवा, मी आणि बायको येतो. थर्मासमध्ये चहा आणू. उकळलेला, आल्याचा. चहाबाजांना निरोप द्या.

सातारकर:
जूनमध्ये मुलीकडे येतोय. व्ही अँड ए मध्ये टिपू सुलतानाचा लाकडी वाघ बघायचाय, श्रीरंगपट्टण पडल्यावर उचलून आणलेला. किती वाजता बंद होतं?

वरचा_मजला:
पावणेसहाला. शुक्रवारी रात्री दहापर्यंत चालू असतं. शुक्रवारीच या, नंतर बसने फिरवतो. डावीकडची सीट तुमची.

सातारकर:
येतो. फोटो काढा, पण ग्रुपवर टाकू नका.