टीव्हीच्या अनुभवी एडिटर मंडळींना उभा व्हिडिओ शिकवायचाय, सुरुवात कुठून करू?

पोस्टडेस्क_माहीम

नमस्कार मंडळी. एका मराठी वृत्तवाहिनीत एडिट विभाग सांभाळते. माझ्याकडे नऊ एडिटर आहेत, सगळ्यांना पंधरा ते बावीस वर्षांचा अनुभव. काहीजण माझ्यासारखेच बीटाकॅमच्या टेपवर शिकलेले. आता प्रत्येक मोठ्या बातमीचं रील आणि शॉर्टही याच नऊ जणांनी द्यायचं, असं वरून ठरलंय.

बाहेरून एक ट्रेनर आले होते. दोन तासांत ऑटो रीफ्रेम (सॉफ्टवेअरने आपोआप उभी चौकट कापणं) कुठे असतं ते दाखवलं, हॅशटॅगवर बोलले आणि गेले. दुसऱ्याच दिवशी माउलींच्या पालखीच्या गोल रिंगणाचं पॅकेज, म्हणजे एडिट केलेली बातमी, उभ्या चौकटीत बसवायचं होतं. सॉफ्टवेअर घोड्याच्या मागे मागे गेलं. घोडा दिसला, पण रिंगणच दिसेना! नुसती पळती माती आणि कुणाकुणाचे अर्धे चेहरे. ॲस्टन, म्हणजे नावाची पट्टी, दोन्हीकडून कापला गेला, ‘पुरंदावडे’मधलं फक्त ‘दाव’ उरलं. खाली टिकरचे, म्हणजे सरकत्या मजकुराच्या पट्टीचे, तुकडे. कमेंटमध्ये लोकांनी यथेच्छ झोडपलं.

ज्याने ते केलं तो आमचा सगळ्यात चांगला एडिटर आहे. २६ जुलैचा पूर आला तेव्हा सलग दोन रात्री बसून त्याने बुलेटिनं काढली होती. तो त्या दिवशी मान खाली घालून बसला, ते मला बघवलं नाही. माझ्या माणसांना काम येत नाही असं कुणी म्हणू नये, एवढंच मला हवंय.

सहा शनिवार, दर वेळी दोन तास मिळालेत. पहिल्या शनिवारी काय घेऊ?

रिळं_सातारा

ताई, मी चौदा वर्षं टीव्हीला होतो, गेली पाच डिजिटलला आहे. तुमच्या एडिटरची चूक नाही. त्याला एअर झालेलं पॅकेज दिलं असणार. ज्यावर बग (कोपऱ्यातला लोगो), ॲस्टन, टिकर आधीच चिकटलेत, त्याचं काहीही करा, ते उष्टंच राहणार. पहिला नियम हाच ठेवा: कापायला बसायचं ते रशेसवर, म्हणजे कॅमेऱ्यातून आलेल्या कच्च्या फुटेजवर, निदान क्लीन फीडवर, म्हणजे पट्ट्या-लोगो न चिकटवलेल्या व्हिडिओवर. इनजेस्टला (फुटेज सर्व्हरवर घेणाऱ्या विभागाला) सांगून डिजिटलसाठी क्लीन फीडचं वेगळं फोल्डर करून घ्या. या एका गोष्टीसाठी वरच्यांशी भांडायला लागलं तरी भांडा.

पहिल्या शनिवारी कॉम्प्युटरवर काही कापू नका. काळ्या कार्डशीटच्या दोन पट्ट्या घ्या आणि मॉनिटरच्या दोन्ही बाजूंना चिकटवा, मधे रुंदीचा तिसऱ्या हिश्श्याहून थोडा कमी भाग उघडा ठेवा. १९२०च्या रुंदीतले ६०७ पिक्सेलच उभ्या चौकटीत येतात, ते डोळ्यांनी दिसू दे. मग त्या फटीतून सगळ्यांना रशेस बघायला लावा. प्रत्येक शॉटला एकच विचारायचं: यात नेमकं काय घडतंय, आणि ते या फटीत मावतंय का?

तुमचं रिंगणच घ्या. चांदोबाच्या लिंबाला उभं रिंगण होतं. दोन्ही बाजूंना वारकरी, मधून घोडे थेट कॅमेऱ्याच्या दिशेने धावत येतात. तो शॉट मुळातच उभा आहे, फटीत जसाच्या तसा बसेल. पुरंदावड्याच्या गोल रिंगणाचा जीव त्याच्या घेरात. तो कापला की संपला. तिथे घोड्यामागे धावायचं नाही. घोडे निघून गेल्यावर लोक टापांखालची माती उचलून कपाळाला लावतात, तिकडे जायचं. असा शॉट तुमच्या कॅमेरामनने नक्की घेतला असेल. टीव्हीच्या पॅकेजमध्ये त्याला दीड सेकंद मिळाला असेल, इथे चार द्या.

बावीस वर्षं रशेस बघितलेल्या माणसाला असा शॉट लगेच सापडतो. नव्या मुलांना ॲप येतं, पण शॉट निवडायला वेळ लागतो. हे त्या मंडळींना पहिल्याच दिवशी सांगा.

अक्षरजुळणी

देवनागरीचं सांगते, कारण इथे फार घाण होते. प्रीमिअर या एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये ग्राफिक्सच्या सेटिंगमधलं टेक्स्ट इंजिन दक्षिण आशियाई लिपींसाठीचं करून घ्या. नाहीतर पहिली वेलांटी भलत्या जागी बसते आणि जोडाक्षरं फुटतात. जुन्या फॉण्टमध्ये टाइप केलेली स्क्रिप्ट चिकटवू नका, युनिकोडच घ्या.

मजकूर तळाला ठेवू नका. टीव्हीचा हात आपोआप खाली जातो, पण रीलमध्ये तिथे कॅप्शन येतं आणि उजवीकडे लाइक-शेअरची बटणं. छातीच्या उंचीवर, दोन ओळी, ओळीत चार-पाच शब्द. बरेच लोक आवाज बंद ठेवून बघतात, तेव्हा बाइट, म्हणजे लोकांचं कॅमेऱ्यासमोरचं बोलणं, लिहून द्याच. आणि आजी ‘म्या’ म्हणाली तर ‘म्या’च लिहा, ‘मी’ करू नका.

मिक्सरूम

दोन गोष्टी राहिल्या. फुटेज ५० आयचं (इंटरलेस्ड, म्हणजे चित्र एकाआड एक ओळींच्या दोन भागांत साठवलेलं) असेल तर आधी डीइंटरलेस, म्हणजे त्याची पूर्ण चित्रं करून घेणं, मग मोठं करणं. उलट केलंत तर घोड्याच्या पायांना कंगव्याचे दात फुटतील, फोनवर ते लगेच कळतं.

आवाज: आमच्याकडे टीव्हीचं मिक्स उणे २३ लफ्सला (लफ्स म्हणजे आवाज किती मोठा वाटतो त्याचं माप) जातं. तेच यूट्यूबवर टाकलं तर बारीक ऐकू येतं, कारण यूट्यूब मोठा आवाज खाली आणतं, बारीक आवाज वर नेत नाही. आम्ही उणे १४च्या आसपास देतो. आणि पार्श्वसंगीताचे हक्क फक्त प्रसारणापुरते आहेत का, ते तपासा. टीव्हीवर चाललेलं गाणं ऑनलाइन दाव्यात अडकतं. रिंगणाला तर गाणं कशाला, टाळ-मृदंग रशेसमध्येच आहेत.

पोस्टडेस्क_माहीम

सगळ्यांचे मनापासून आभार. पहिला शनिवार झाला. कार्डशीट लावली. सुरुवातीला कुजबुज झाली, वीस मिनिटांनी सगळे खुर्च्या पुढे ओढून बसले होते.

आमच्या त्या एडिटरने रशेसमधून माती उचलणारे हात शोधले. बांगड्या भरलेला हात, ओंजळीत माती, मागे ‘माउली माउली’चा गजर. त्याने तिथूनच सुरुवात केली. नंतर उभ्या रिंगणातली धाव. मग गोल रिंगणाचा उंचावरचा वाइड शॉट, सगळा घेर दाखवणारा, त्याने कापलाच नाही. तसाच आडवा, वर-खाली काळी जागा सोडून, सहा सेकंद ठेवला. मी म्हटलं, अहो, सगळे सांगतात चौकट भरा. तो म्हणाला, "मॅडम, हा गोल तोडायचा नाही." मी बघितलं, आणि तसाच जाऊ दिला. एकूण ३८ सेकंद, ॲंकर नाही, व्हीओ (मागून वाचलेलं निवेदन) नाही.

पुढच्या शनिवारी दोन कॅमेरामनना बोलावलंय. फोरकेमध्ये शूट केलं तर उभी चौकट कापूनही १२१५ पिक्सेल रुंदी हातात राहते, मोठं करावं लागत नाही. पण कार्डं आणि सर्व्हरवरची जागा यांचं गणित बसत नाही. तुमच्याकडे सगळंच फोरके घेतात, की ठरावीक शॉट? ठरावीक असतील तर ते जागेवर कोण ठरवतं, रिपोर्टर की कॅमेरामन?