सैन्यातील दिवंगत मित्राची आठवण गावात कशी जपावी?

प्रश्न (माजी नाईक, दारव्हा तालुका):
कामठीच्या गार्ड्स रेजिमेंटल सेंटरमध्ये माझ्यासोबत प्रशिक्षण घेतलेला आणि पुढे सियाचीनवर माझ्याच तंबूत राहिलेला मित्र यंदा पोळ्याच्या आधी हृदयविकाराने गेला. सुट्टीवरून परतताना तो घरच्या लोणच्याची बरणी आणायचा. वर चौकीवर तिचे तेल थिजून दगड व्हायचे आणि तो चाकूने खार खरवडून आधी इतरांच्या पोळीवर घालायचा. त्याच्या गावी त्याच्या नावाने काहीतरी उभे राहावे, असे आम्हा जुन्या सोबत्यांना मनापासून वाटते. काय करावे?

उत्तर (माजी सुभेदार, पुलगाव):
आपल्या दुःखात सहभागी आहे. स्मारकाआधी वहिनींचे कागद पाहावेत. पीपीओवरील (निवृत्तिवेतन आदेशावरील) त्यांचे नाव व जन्मतारीख आधार कार्डाशी जुळते का, ‘स्पर्श’ या संरक्षण निवृत्तिवेतनाच्या ऑनलाइन प्रणालीत मृत्यूची नोंद होऊन कुटुंब निवृत्तिवेतन सुरू झाले का, आणि त्यांचे ईसीएचएस (माजी सैनिक आरोग्य योजनेचे) कार्ड चालू आहे का, हे तपासावे. अडल्यास जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय मदत करते. कापूस वेचणीच्या दिवसांत एकट्या बाईला तालुक्याच्या खेपा घालणे किती जड जाते, हे मी जवळून पाहिले आहे.

उत्तर (शिक्षिका, जिल्हा परिषद शाळा):
७ डिसेंबरला सशस्त्र सेना ध्वजदिन असतो. त्या दिवशी आपण शाळेत येऊन ही लोणच्याची आठवण मुलांना सांगावी. आमच्या गावातील मुलांना युद्धांच्या तारखा पाठ असतात, पण शेजारचा जवान तिथे कसा राहिला, हे कोणी सांगत नाही.

प्रश्नकर्ता:
आपणा दोघांचा आभारी आहे. रविवारी वहिनींकडे जाऊन आधी कागद पाहतो. शाळेचे त्यांच्या संमतीने ठरवू.