शब्दचर्चा : प्रथिन आणि पॉलिमर यांचं ‘मिश्रण’, ‘संकर’ की ‘जोड’?

प्रश्न

नमस्कार. परळला रक्ताच्या कर्करोगावर उपचार घेणाऱ्या मुलांच्या आईवडिलांसाठी एक माहितीपत्रक मराठीत करते आहे. त्यात पेगअस्पार्गेज या इंजेक्शनवर एक परिच्छेद आहे. जिवाणूकडून मिळवलेलं प्रथिन आणि त्याला जोडलेलं कृत्रिम पॉलिमर (लहान घटकांची लांब साखळी), असं ते औषध. आधीच्या मसुद्यात ‘प्रथिन व प्लास्टिकचे मिश्रण’ असं होतं. ते वाचून एका आजींनी विचारलं, “पोराच्या अंगात प्लास्टिक घालणार का?” त्याऐवजी ‘संयुग’, ‘संकरित’, ‘अनुबद्ध’ यांतलं काय चालेल? आणि पुढे बायोमटेरियल आलंय, त्याला ‘जैवद्रव्य’ म्हणू का?

उत्तर

ताई, ‘मिश्रण’ आधी काढा. मिश्रण म्हटलं की निवडता, गाळता येईल असं काहीतरी डोळ्यांपुढे येतं. इथे या पॉलिमरच्या, म्हणजे पॉलिएथिलीन ग्लायकॉलच्या, साखळ्या प्रथिनातल्या लायसीन या घटकाच्या अमिनो गटांशी सहसंयुज (पक्क्या रासायनिक) बंधाने बांधलेल्या असतात. नुसतं विरघळवून किंवा गाळून त्या वेगळ्या होत नाहीत. ‘प्लास्टिक’ही नकोच. हे पॉलिमर पाण्यात विरघळतं, आणि बद्धकोष्ठतेवर पाण्यात कालवून देतात ती पावडर याच जातीची. आजींना हे जरूर सांगा.

‘संयुग’ मला पटत नाही. संयुगात घटकांचे मूळ गुण उरत नाहीत, आणि इथे तर ते उरायलाच हवेत. या औषधातलं प्रथिन म्हणजे अस्पॅराजिनेज हे विकर (एन्झाइम), ते रक्तातलं अस्पॅराजिन हे अमिनो आम्ल तोडतं. ल्युकेमियाच्या (रक्ताच्या कर्करोगाच्या) पेशींना अस्पॅराजिन स्वतःपुरतं बनवता येत नाही, म्हणून त्यांची उपासमार होते. पॉलिमर जोडल्यावरही विकराने हेच काम करत राहायचं असतं. साखळ्या भोवती पाणी धरून ठेवतात, त्यामुळे रेणू फुगीर होतो, त्याला तोडणाऱ्या विकरांना आणि प्रतिपिंडांना (परक्या पदार्थाला अडवणाऱ्या शरीरातल्या प्रथिनांना) जवळ येणं अवघड जातं. तो रक्तात जास्त दिवस टिकतो आणि मुलाला कमी सुया लागतात. आईवडिलांना कळायला हवं ते हे.

‘संकरित’ गाईला आणि बियाण्याला गेला, तिथे वंश मिसळतो. ‘अनुबद्ध’ नववीच्या गणितात करणींच्या जोडीसाठी आहे, तो तिथेच राहू दे.

माझी पसंती ‘जोड’ला. जोडाक्षर, जोडशब्द, जोडरस्ता आपण रोज म्हणतो, आणि त्यात दोन्ही घटक आपापले ओळखू येतात. पण क्रम सांभाळा. मराठी समासात मुख्य वस्तू बहुधा शेवटी येते. इथे औषध म्हणजे प्रथिन, म्हणून ‘पॉलिमर-जोड प्रथिन’. हर्नियाच्या शस्त्रक्रियेत पॉलिप्रॉपिलीन या पॉलिमरच्या जाळीवर कधी कोलॅजन या प्रथिनाचा थर देतात, तिथे अंग पॉलिमरचं आहे, म्हणून ‘कोलॅजन-लेपित जाळी’. एकच शब्द दोन्हीकडे चिकटवला तर वाचणाऱ्याला कशावर काय बसवलंय तेच कळणार नाही. पॉलिमरसाठी ‘बहुवारिक’ हा पाठ्यपुस्तकातला शब्द चांगला आहे, पण या पत्रकात ‘पॉलिमर’च ठेवा.

यामागचा इतिहासही एका ओळीत द्या. अमेरिकेतल्या रटगर्स विद्यापीठात फ्रँक डेव्हिस यांच्या गटाने 1977 मध्ये ही जोडणी प्रसिद्ध केली, अमेरिकेत अशा पहिल्या औषधाला 1990 मध्ये मान्यता मिळाली आणि पेगअस्पार्गेजला 1994 मध्ये. औषध आजचं नाही हे कळलं की घरच्यांना धीर येतो.

आणखी एक उत्तर

प्रयोगशाळेत आम्ही सरळ ‘कलम’ म्हणतो. तयार साखळी प्रथिनावर बांधायची असेल तर शब्द चपखल आहे. कोयीच्या रोपावर हापूसची काडी बांधली तरी फळ हापूसच धरतं. पण दुसऱ्या पद्धतीत प्रथिनावरच एकवारिकं (साखळीचे सुटे घटक) एकेक जोडत साखळी वाढवत नेतात. तिथे ‘कलम’ लागू पडत नाही, ‘साखळी वाढवणे’ म्हणा.

‘जैवद्रव्य’ नको. पाठ्यपुस्तकात ‘जीवद्रव्य’ हा पेशीतल्या द्रवाचा शब्द आहे, घोळ नक्की होणार. शिवाय ‘जैव’ म्हटलं की सजीवापासून बनलेलं वाटतं, पण खुब्याच्या सांध्यातलं टायटॅनियमही बायोमटेरियलच. मी ‘बायोमटेरियल, म्हणजे शरीराच्या संपर्कात वापरायचा पदार्थ’ असं एकदा लिहून पुढे तोच शब्द चालवीन.

आणि ‘शरीराला हे औषध परकं वाटत नाही’ असं मात्र लिहू नका. काही रुग्णांत पॉलिएथिलीन ग्लायकॉलविरुद्धच प्रतिपिंडं तयार होतात, ॲलर्जीही येते.

प्रश्नकर्ती

दोघांचेही आभार. आता मसुदा असा : ‘हे पॉलिमर-जोड प्रथिन आहे. पाण्यात विरघळणाऱ्या एका पॉलिमरच्या साखळ्या प्रथिनाला पक्क्या जोडलेल्या असतात, म्हणून ते रक्तात जास्त दिवस काम करतं. इंजेक्शननंतर अंगावर पुरळ, धाप किंवा चेहऱ्यावर सूज दिसली तर लगेच नर्सला सांगा.’